नेमलेली पुस्तके आणि निवडलेली पुस्तके



‘हल्लीची मुले वाचीत नाहीत’ ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. तक्रार करणारे लोक तीन प्रकारचे आहेत : आईबाप, शिक्षक आणि आमच्यासारखे सभांतून बोलणारे. ज्यांच्यावर हा आरोप आहे त्या मुलांना मात्र या चौकशीत कोणी बोलावीत नाही. आमची उमर आरोपपत्र हाती पडलेल्या कामगारांची बाजू मांडण्यात गेली. आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय शिक्षा द्यायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. तोच नियम आम्ही आज मुलांना लावणार आहोत. आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले. पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या दाराशी, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयांच्या बाकांवर झाले. तेव्हा विद्वानांच्या पंगतीत बसून बोलण्याचा आमचा दावा नाही. आज आम्ही मुलांच्या वतीने वकीलपत्र घेऊन उभे आहोत, इतकेच समजावे.

आरोपपत्र हाती आले की त्यात नेमके काय लिहिले आहे ते आम्ही आधी पाहतो. ‘काम करीत नाही’ असे मोघम लिहिलेले असले, तर ‘कोणते काम, कोणत्या पाळीत, कोणी सांगितलेले’ असे विचारतो. येथेही तसेच करावे. मुलगा वाचीत नाही म्हणजे काय वाचीत नाही? दहांतल्या नऊ वेळा उत्तर येते की नेमलेले पुस्तक वाचीत नाही. धडा वाच म्हटले की जांभया देतो, कविता पाठ कर म्हटले की पाणी प्यायला उठतो. म्हणजे मूळ आरोप वाचनाच्या नावडीचा नसून नेमलेल्या पुस्तकाच्या नावडीचा आहे. या दोन गोष्टी एक समजल्यामुळेच सगळा घोटाळा होतो.

आमच्या चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या कोणत्याही कामगाराकडे पाहा. आठ तास यंत्रापाशी उभा राहून जो दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहतो, तोच माणूस सुटीच्या दिवशी दारात बसून स्वतःची मोटारसायकल खोलतो. हात काळे होतात, ऊन डोक्यावर येते, बायको जेवायला तीनदा हाक मारते, तरी तो उठत नाही. पाना तोच, हात तेच, कामही पुष्कळ अंशी तेच. पण सकाळचे काम नेमलेले असते आणि हे निवडलेले. पहिल्यात किती नग निघाले याचा हिशेब दुसरा माणूस ठेवतो, दुसऱ्यात आपले आपण समाधान मोजतो. यावरून हा मनुष्य कामचुकार आहे असे कोणी म्हणेल काय? मग धड्याला कंटाळणारे मूल वाचनाचे शत्रू आहे, असे तरी का म्हणावे?

आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांविषयीचे असमाधान आजचे नाही. इंग्रजी अमदानीत मेजर कँडी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून मराठी क्रमिक पुस्तके तयार होत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी तर होतीच. परंतु चालू क्रमिक पुस्तके नव्याने घडवावीत, मोडी व बालबोध वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान त्यांत यावे, असाही आग्रह होता. ज्याच्या घरी नांगर आहे त्याच्या पुस्तकात नांगर नसावा, ही विसंगती जोतीरावांना खुपली. मुलाची नावड ही मुलाची खोड नसून पुस्तकाविषयीची तक्रार असू शकते, हे त्यांनी एवढ्या आधी ओळखले होते.

याच सुमारास दुसरी एक वाट निघाली. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक काढले आणि १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’. ही मासिके कोणत्याही इयत्तेला नेमलेली नव्हती. ज्याला हवे त्याने घ्यावे, नको ते पान उलटावे, असा त्यांचा खुला कारभार होता. पुढे आचार्य अत्र्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली आणि नेमलेल्या पुस्तकातच हसू आणून दाखवले. त्यांची ‘दिनूचे बिल’ ही गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. आपण घरात केलेल्या कामाचे बिल मुलगा आईपुढे ठेवतो आणि आई त्याला आपले बिल दाखवते. आईच्या मायेची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. आमच्यासारख्याला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते : मजुरी आणि बिल हे शब्द पुस्तकात आले, आणि मुलाने हिशेब मागितला म्हणून त्याला कोणी छडी मारली नाही. अशा धड्यापुढे मुले जांभया देत नाहीत.

२७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले. त्याचेच नाव पुढे ‘बालभारती’ म्हणून घराघरांत गेले. या संस्थेविषयी आम्ही कृतज्ञतेनेच बोलू. राज्याच्या कानाकोपऱ्यातल्या मुलाला एकच पुस्तक, स्वस्त किमतीत, त्याच्या त्याच्या भाषेत मिळू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. आज सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ते फुकट मिळते. शिवाय चारच वर्षांत, १९७१ साली, याच मंडळाने ‘किशोर’ मासिक सुरू केले. याचा अर्थ आम्ही असा लावतो की नेमलेल्या पुस्तकाला न नेमलेल्या पुस्तकाची सोबत लागते, हे पाठ्यपुस्तके काढणाऱ्यांनाही ठाऊक होते.

मग घोडे पेंड खाते कोठे? पुस्तक छापखान्यातून चांगले निघते आणि वर्गात पोचेपर्यंत त्याचे दुसरेच काही होते. धड्याच्या शेवटी स्वाध्याय असतो : गाळलेल्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले, संदर्भासह स्पष्टीकरण करा. परीक्षेला येणार ते स्वाध्यायातले, आणि त्याची उत्तरे तयार असतात गाइडात. मग शहाणा मुलगा विचार करतो की धडा वाचायचा कशाला? कामगाराला नगावर मजुरी बांधून दिली की त्याचे लक्ष मालाच्या गुणावरून मोजणीवर जाते. येथे मोजणी गुणांची, एवढाच फरक. २०२३ साली पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला आणि २०२५ साली तो मागे घेण्यात आला. तो योग्य होता की अयोग्य, या वादात आम्ही पडत नाही. परंतु मुलाला काही न विचारणारी अशी त्या पुस्तकात तेवढीच पाने होती, हे मात्र खरे.

कोणी म्हणेल, धडे बदला म्हणजे झाले. गरिबांचे, कष्टकऱ्यांचे धडे घाला. ही मागणी आम्हीही केली आहे आणि ती पुष्कळ अंशी पुरीही झाली. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. १९६६ साली त्यांचे ‘माझे विद्यापीठ’ निघाले आणि कालांतराने त्यांची कविता कुमारभारतीत आली. आमची छाती अभिमानाने भरून आली. परंतु आमच्याच वस्तीतला कामगाराचा मुलगा त्या कवितेचा ‘मध्यवर्ती विचार’ गाइडातून उतरून घेताना आम्ही पाहिला आहे. बापाच्या आयुष्यावरची कविता, आणि तिचा अर्थ विकत घेतलेला! तेव्हा आमची खात्री झाली की केवळ पुस्तकातले माणूस बदलून भागत नाही. पुस्तकाशी मुलाचे नाते हुकमाचे आहे की मर्जीचे, हा मूळ प्रश्न आहे.

याला एक उलटा पुरावाही देता येतो. आमच्या वयाचे लोक आज जुन्या बालभारतीची पुस्तके हुडकून काढतात आणि त्यांतल्या कविता मोठ्या प्रेमाने म्हणतात. शाळेत असताना यांतल्याच पुष्कळांना त्या कवितांच्या तासाला पोटदुखी होई. कविता बदलली नाही; परीक्षा गेली. तीस-चाळीस वर्षांनी का होईना, नेमलेले पुस्तक निवडलेले झाले.

आमच्या मराठवाड्यात या प्रश्नाला भाषेचीही एक बाजू आहे. निजामी राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून चाले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमानेच सुरू झाले. याच शहरात मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे मोठे काम केले, त्याचा आदर आम्ही करतो. पण खेड्यातला मराठी मुलगा भूगोल, इतिहास आणि हिशेब परक्या भाषेत घोकीत होता, हेही विसरता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले आणि मराठी पुस्तक हाती आले. तरी पुस्तकातली मराठी ही पुण्याच्या वळणाची. आमच्या वस्त्यांत कोणाच्या घरी दखनी बोलतात, कोणाच्या घरी गोरमाटी, कोणाच्या घरी जालन्या-बीडकडची मराठी. या मुलांना पुस्तक उघडले की पहिल्याच ओळीला आपण पाहुणे आहोत असे वाटते. पाहुण्याच्या घरी माणूस फार वेळ थांबत नाही. प्रमाण भाषा शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावाचून अर्जही लिहिता येत नाही, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु मुलाने आपल्या मर्जीने उचललेले एखादे तरी पुस्तक त्याच्या घरच्या बोलीशी नाते सांगणारे असावे, एवढेच आमचे मागणे आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मुलांना निवड करू दिली तर ती सोपे आणि सवंगच निवडतील. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. आम्ही कामाला लागल्यावर आपण होऊन पहिले कोणते पुस्तक वाचले म्हणाल, तर त्या वेळी लागू असलेला १९४७ सालचा औद्योगिक विवाद कायदा. त्याहून रूक्ष पुस्तक सापडणे कठीण. इंग्रजी येत नव्हते, म्हणून एका हाताशी शब्दकोश ठेवून, एका रात्री एक कलम, असे ते वाचले. कारण वीस माणसांना एका सकाळी दारातून परत पाठवले होते आणि त्यांना परत आत कसे घ्यायचे, हा प्रश्न आमच्यापुढे होता. माणूस अवघडाला कंटाळत नाही. आपण न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला कंटाळतो. मुलांचेही तसेच आहे. ज्याला पतंगाचे वेड आहे तो वाऱ्याविषयीचे अवघड पुस्तकही वाचील.

आणि सोपे वाचले तरी बिघडले काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या ‘झुंजार’ला आणि ‘काळा पहाड’ला प्रतिष्ठित लोकांनी घरात जागा दिली नाही, पण दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत कामगारांनी त्या वाचल्या आणि त्या वाचण्यासाठी अक्षरे पक्की केली. ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत येऊ लागला. त्यातल्या विक्रम-वेताळासाठी पुढच्या महिन्याची वाट पाहणारी मुले खेड्यापाड्यांत होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजे आपल्या ‘फास्टर फेणे’ला, सायकलवर बसवून महाराष्ट्रभर हिंडवले. यांतले काहीही बहुधा कोणी परीक्षेसाठी वाचले नसेल. अण्णा भाऊ साठे यांची शाळा तर दीड दिवसाची. त्यांची ‘फकिरा’ १९५९ साली निघाली आणि १९६१ साली तिला राज्य पुरस्कार मिळाला. शाळेने नेमलेल्या पुस्तकांनी हा लेखक घडला नाही, हे सांगायला नको.

आजची मुले काय वाचू इच्छितात, याविषयी आमच्यापाशी मोठी पाहणी नाही. युनियनच्या कचेरीत पुस्तकांची एक फळी आहे आणि तिच्यावरची पुस्तके कामगारांची मुले नेतात, तेवढेच आमचे ज्ञान. त्यावरून सांगतो. बारीक पुस्तके आधी जातात. आमच्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते. पाणी भरण्याचे काम बहुधा मुलींकडे असते. हंडा भरेपर्यंत जेवढे वाचून होते तेवढेच त्यांचे वाचन. त्यांना चारशे पानांची कादंबरी उत्तम असली तरी परवडत नाही. त्यांच्या मागण्याही स्पष्ट असतात. एकीने विचारले, मुलगी शिकते आणि शेवटी तिचे लग्न लागत नाही, अशी गोष्ट आहे का? मुलगे भुताच्या गोष्टी, शिवकालातल्या लढाया, क्रिकेटपटूंची चरित्रे नेतात. मोटार दुरुस्तीचे एक पुस्तक आहे. त्याच्या पानांना वंगणाचे डाग पडले आहेत आणि शिवण दोनदा सुटली आहे. आमच्या दृष्टीने ते त्या फळीवरचे सर्वांत मानाचे पुस्तक होय. आणि मुले पुस्तक अर्धे वाचून परतही आणतात. का, म्हणून आम्ही विचारीत नाही. दुसरे देतो.

येथवर आम्ही नावडीचा बचाव केला. आता एक पाऊल पुढे टाकतो. नावड ही कित्येकदा वाचकाच्या बुद्धीची पहिली खूण असते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ती आली नाही, पुढे प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी लहानपणची हकीकत सांगितली आहे. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, शिस्तीचे. महाभारत-रामायणातले भाग मुलांनी वाचावेत असा त्यांचा सक्त नियम. एके दिवशी मुलाने विचारले की ज्या ग्रंथांत आमच्या लोकांच्या हीनतेच्या कथा आहेत ते आम्ही का वाचावे? पहिल्या वेळी वडिलांनी त्याला गप्प केले. लहान आहात, सांगितले ते करा, असा त्या उत्तराचा आशय. काही काळाने त्याने पुन्हा विचारले. या वेळी वडिलांनी विचारपूर्वक उत्तर दिले : आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून मी हे वाचायला सांगतो, द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून वर आले, वाल्मीकी कोळी होते. मुलाला या उत्तरातले बळ दिसले, पण त्याचे समाधान झाले नाही, आणि त्याने ते स्पष्ट बोलून दाखवले.

या प्रसंगाकडे आम्ही श्रद्धा-अश्रद्धेच्या अंगाने पाहत नाही. ते ग्रंथ लाखो लोकांना प्रिय आहेत आणि आपापल्या प्रीतीचा अधिकार प्रत्येकाला आहे. आम्ही पाहतो ते असे की एका मुलाला नेमलेले पुस्तक आवडले नाही, का आवडले नाही हे त्याला सांगता आले, आणि बापाने दुसऱ्या वेळी तरी त्याला उत्तर देण्याची योग्यता मानली. ही नावड आळसाची नव्हती. वाचल्यावाचून अशी नावड येत नाही.

आणि या गोष्टीला आधीची एक बाजू आहे. तो मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून वस्तीने सत्कार केला. त्या सभेला दादा केळुसकर, म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुसकर, हजर होते. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. ते पुस्तक कोणत्याही इयत्तेला नेमलेले नव्हते. त्यावर प्रश्न विचारले जाणार नव्हते. मुलाने ते आवडीने वाचले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले त्याची एक मुळी त्या भेटीपर्यंत जाते, हे बाबासाहेबांच्याच सांगण्यावरून दिसते. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या या शहरात महाविद्यालय काढले. त्याचे आजचे नाव मिलिंद, आणि मिलिंद राजा प्रसिद्ध आहे तो प्रश्न विचारण्यासाठीच.

आता आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो. नेमलेले पुस्तक नावडणे हे सर्व घरांत सारखेच आहे; पण त्याचा परिणाम सर्व घरांत सारखा होत नाही. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, तेथे मुलगा धडा फेकून देतो आणि मामाने आणलेली साहसकथा उचलतो. त्याची नावड एका पुस्तकापुरती राहते. ज्या घरात पाठ्यपुस्तक हेच एकमेव पुस्तक आहे, तेथे मुलगा ते मिटतो तेव्हा सगळी पुस्तकेच मिटतात. त्याच्या हिशेबी ‘पुस्तक’ म्हणजे तेच. ते कंटाळवाणे, म्हणून पुस्तके कंटाळवाणी. आमचे वडील बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आले आणि त्यांनी मोंढ्यात हमाली केली. आमच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय छापील कागद येई तो पुड्यांचा. अशा घरांतल्या मुलाला केळुसकर भेटणे हा योगायोग असतो. समाजाने योगायोगावर किती भरवसा ठेवावा?

असे कोणी म्हणेल की शाळेत ग्रंथालये असतात. असतात, हे खरे. कपाटही असते आणि त्याला कुलूपही असते. या कुलपासाठी शिक्षकांना दोष देण्याची मात्र आम्हांला घाई नाही. प्रत्येक पुस्तकाची नोंद डेडस्टॉकच्या नोंदवहीत होते. पुस्तक हरवले किंवा फाटले की जबाबदारी ज्याच्या नावावर कपाट आहे त्याची. तपासणीत कमी भरले तर त्याच्या खिशाला चाट बसण्याची भीती. ज्या माणसाला पुस्तक हरवल्याचा दंड आहे आणि पुस्तक न वाचले गेल्याचा काहीच नाही, तो कुलूप लावणार नाही तर काय करील? आम्ही त्याच्या जागी असतो तर तेच केले असते. दोष नियमाचा आहे.

परंतु कायदा आमच्या बाजूने आहे, हे येथे मुद्दाम सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शाळेला काय काय हवे त्याची यादी आहे. तीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. आणि त्या पुस्तकांत गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. संसदेने कायद्यात गोष्टीचे पुस्तक घातले! पिण्याचे पाणी आणि खेळाचे मैदान ज्या यादीत आहे त्याच यादीत. म्हणजे मुलाला गोष्टीचे पुस्तक देणे हा शाळेचा उपकार नाही, मुलाचा हक्क आहे. या कलमाची ओळख आमच्या वस्त्यांतल्या आईबापांना कोणी करून दिली नाही, म्हणून आज या सभेत करून देतो.

आणि कुलूप काढले तर काय होते, तेही याच शहरात पाहायला मिळाले आहे. २०२१ साली, करोनाच्या साथीमुळे मुले घरी बसलेली असताना, बायजीपुऱ्यातल्या एका शाळकरी मुलीने वडिलांकडून मिळालेल्या पुस्तकांतून आपल्या मोहल्ल्यात बालवाचनालय उघडले. रीड अँड लीड फाउंडेशनच्या आधाराने पुढे आणखी वस्त्यांत तशी वाचनालये निघाली. तेथे हजेरी नाही, इयत्ता नाही, स्वाध्याय नाही. मुलांची पुस्तके मुलांच्या हाती, आणि देणारीही मुलगीच. जे मोठमोठ्या योजनांना साधत नाही ते एका मुलीला साधले, कारण पुस्तक हरवेल या भीतीपेक्षा ते वाचले जाईल ही आशा तिने मोठी मानली.

दानिएल पेनाक नावाच्या एका फ्रेंच शिक्षकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगणारे पुस्तक लिहिले. त्यातला पहिला हक्क आहे न वाचण्याचा. पाने गाळण्याचा आहे, अर्ध्यात सोडण्याचाही आहे. पॅरिसच्या मुलांना हे हक्क पुरत असतील. आमच्या मुलांना त्याच्या आधीचा एक हक्क हवा आहे : सोडून देण्याजोगे दुसरे पुस्तक हाती असण्याचा.

म्हणून आमच्या रीतीप्रमाणे मुलांच्या वतीने हे मागणीपत्र सादर करतो. मागण्या चारच आहेत, चारही माफक आहेत. पहिली, शाळेचे पुस्तकांचे कपाट रोज निदान अर्धा तास उघडे राहावे आणि पुस्तक मुलाने स्वतः उचलावे. दुसरी, वापराने फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाकडून मागू नये. ठरावीक पुस्तके दरवर्षी निर्लेखित करण्याची मोकळीक असावी. कारखान्यात यंत्राची झीज हिशेबात धरतात, मग पुस्तकाची का धरू नये? तिसरी, त्या पुस्तकांवर प्रश्न विचारू नयेत, सारांश लिहून घेऊ नये, गुण देऊ नयेत. चौथी, नेमलेला धडा आवडला नाही असे मूल म्हणाले तर त्याला ‘का’ विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यावे.

पाठ्यपुस्तक बंद करा असे या मागणीपत्रात कोठेही नाही. ते राहावे. सगळ्या मुलांना एकत्र भेटण्याची ती एक जागा आहे, आणि आज नावडलेली कविता उद्या आठवते, हे आम्ही वर सांगितलेच आहे. पण एका पुस्तकावर वाचक घडवण्याचा सगळा भार टाकू नये. या चार मागण्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही. पहिलीला तर फक्त किल्ली लागते. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घराजवळ एखादी महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा आहे. तेथे जावे, मुख्याध्यापकांना नमस्कार करावा, आणि कपाट कोठे आहे ते विचारावे. एकट्याने जाऊ नये, पाच-दहा जणांनी मिळून जावे. एवढी एक गोष्ट आम्ही आमच्या धंद्यात शिकलो आहोत, ती तुमच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.